होडीवाला आणि केरबाची हाक

फार पूर्वी, नद्यांवर पूल नव्हते आणि माणसं एकमेकांच्या हाकेवर चालत होती, त्या काळी एका नदीकाठी एक होडीवाला राहत होता.

नदी रुंद होती. अलीकडच्या थडीला गाव आणि पलीकडच्या थडीला शेतं, बांबूचं बेट आणि बाजाराची वाट. सकाळी माणसं पलीकडं जायची, दिवस कलला की परत यायची. एवढ्या लांबून माणूस दिसायचा तो बोटाएवढा, तोंड काही ओळखू यायचं नाही. म्हणून त्या गावात एक रीत होती. परतणाऱ्यानं पलीकडच्या चिंचेखाली उभं राहायचं, दोन्ही तळहात तोंडाशी धरायचे आणि आपलं नाव घेऊन हाक घालायची, "दादाऽ, मी सोनबाऽ." होडीवाल्यानं अलीकडून तेच नाव परत घ्यायचं, "आलो रे सोनबाऽ." मग होडी सुटायची.

हाक न घालता चिंचेखाली कुणी उभं असलं, तर होडी जायची नाही. तिथं गुराखी टेकायचे, गळ टाकणारे बसायचे, कुणी नुसतं सावलीला थांबायचं. प्रत्येकासाठी वल्हं मारत बसलं तर हात कसे पुरणार?

होडीवाल्याचा बाप त्याला सांगायचा, "हाक आली की आधी नाव घे, मग दोर सोड. आपलं नाव ऐकलं की पलीकडच्याला कळतं, आता कुणीतरी येतंय. तू वल्ह्याला हात लावायच्या आधीच तो अर्धा अलीकडं आलेला असतो."

पुढं बाप गेला आणि होडी मुलाच्या हाती आली.

हा मुलगा मनानं चांगला होता बरं का. म्हाताऱ्या माणसाला हात धरून उतरवायचा, बाळंतिणीला बसायला खाली गोधडी अंथरायचा. फक्त त्याची जीभ खेळकर होती. दिवसभर नावं ऐकायची आणि दिवसभर नावं घ्यायची, त्यात वल्ह्याचा ताल. नुसतं नाव परत घेण्याऐवजी तो त्याला एक ओळ जोडायला लागला.

सोनबानं हाक घातली की हा म्हणायचा,

"सोनबा, सोनबा,
बाजारातनं लोणी आण बा."

गावात एक जाडजूड वाणी होता. तो होडीत पाय ठेवायचा तेव्हा होडी एका अंगाला कलायची. त्याच्यासाठी होडीवाल्यानं जोडलं,

"रतनशेट बसले,
मासे खाली हसले."

रतनशेट पोट धरून हसला. घरी जाऊन बायकोला त्यानं ते म्हणून दाखवलं. मग काय, गावाला नादच लागला. पाण्याला आलेल्या बायका म्हणायच्या, "ए दादा, आमच्या जावेचं नाव घाल की गाण्यात." नव्या सुना लाजत लाजत आपलं नाव सांगायच्या. संध्याकाळी काही काम नसलेली माणसंही घाटावर येऊन बसायला लागली. पलीकडून हाक आली की सगळे मिळून गाणं म्हणायचे. होडीवाल्याला वाटायचं, आपल्या बापाच्या वेळी हा घाट किती ओकाओका होता.

त्याच गावात केरबा नावाचा एक माणूस होता. बांबूची सुपं आणि टोपल्या विणायचा. घरात तो आणि त्याची म्हातारी आई, एवढीच दोघं. बोलणं कमी, काम नेटकं. त्याच्या सुपातून रवासुद्धा सांडायचा नाही, असं बायका म्हणायच्या. बांबू आणायला त्याला आठ-पंधरा दिवसांनी पलीकडं जावं लागायचं.

एका संध्याकाळी त्याची हाक आली, "दादाऽ, मी केरबाऽ."

घाटावर माणसं बसलेलीच होती. होडीवाल्यानं क्षणभर विचार केला आणि म्हणाला,

"केरबा आला, केरसुणी आणा,
झाडून-लोटून बाहेर हाणा."

घाट नुसता फुटला हसून. सोनबा मांडीवर थाप मारून म्हणाला, "गड्या, आजवरचं सगळ्यांत झकास जमलं हे."

होडी पलीकडं गेली. केरबा बांबूची मोळी घेऊन चढला. "ऐकलंस का रे?" होडीवाल्यानं विचारलं.

"ऐकलं," केरबा म्हणाला आणि हसला. पण तो खाली, पाण्याकडं बघून हसला.

होडीवाल्यानं घरी बायकोला गाणं सांगितलं. सांगता सांगता म्हणाला, "केरबासुद्धा हसला."

बायको भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "वर बघून हसला की खाली बघून?"

"त्यात काय बघायचं?"

"माणूस मजेनं हसतो तो वर बघून. काटा मोडला तरी माणूस हसतो कधी कधी, चारचौघांत रडू नये म्हणून."

"तू पण ना," होडीवाला म्हणाला आणि जेवायला बसला.

ते गाणं मात्र राहिलं. बाकीची गाणी आली, चार दिवस चालली आणि विरून गेली. हे गाणं लोकांच्या जिभेवर चिकटलं. केरबा सुपं विकायला निघाला की गल्लीतल्या मुली फुगडी घालताना तेच म्हणायच्या. कुणी सूप घ्यायला आलं तर दारातूनच म्हणायचं, "केरबा आला, केरसुणी आणा." कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. त्यामुळंच कुणाला थांबावंसं वाटलं नाही.

हळूहळू केरबाची हाक यायची बंद झाली. चिंचेखाली तो दुसऱ्या कुणाची वाट बघत थांबायचा, आणि तो दुसरा हाक घालायचा तेव्हा त्याच्या पाठोपाठ होडीत चढायचा. कुणीच नसलं तर वरच्या अंगाला दोन कोसांवर उतार होता, तिथं नदी पसरट आणि उथळ होती. तिथवर चालत जायचा, कमरेइतक्या पाण्यातून मोळी डोक्यावर धरून यायचा आणि पुन्हा दोन कोस चालत गावात.

होडीवाल्यानं एकदा विचारलंही, "केरबा, हल्ली तुझी हाक ऐकली नाही?"

"असतं कुणी ना कुणी सोबत, दादा," केरबा म्हणाला.

होडीवाल्याला ते खरं वाटलं. खरं वाटून घेणं सोपं असतं.

भाद्रपदात एकदा केरबा तीन दिवसांसाठी बांबू तोडायला गेला. आईचं अंग जरा कसकसत होतं, पण ती म्हणाली, "जा तू, गौरी-गणपतीत सुपांना मागणी असते. मला काय धाड भरलीय?" म्हणून तो गेला. आणि तिसऱ्या दिवशी म्हातारीचा ताप एकदम चढला. दुपारपर्यंत तिला बसवेना, पाणी गिळवेना.

शेजारीण धावत घाटावर आली. "दादा, केरबाच्या आईचं काही खरं नाही. सारखं त्याचंच नाव घेतीय. आज यायचाय तो. दिसला रे दिसला की आण त्याला. दुसऱ्या कुणाला घेऊ नकोस आधी."

"काळजी नको वहिनी," होडीवाला म्हणाला. "हाक आली की वाऱ्यासारखा जातो."

त्यानं होडी तयार ठेवली, वल्ही काढून हाताशी ठेवली, आणि चिंचेकडं डोळे लावून बसला. नदीला पाणी चढलेलं होतं, गढूळ, ओढ धरलेलं. तांबूस ऊन पडलं होतं. नेहमीची माणसं नेहमीच्या पायऱ्यांवर येऊन बसली.

उन्हं उतरता उतरता चिंचेखाली एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्यावर काहीतरी लांबट होतं.

होडीवाला उठला. हाकेची वाट बघितली. हाक आली नाही.

"मोळी दिसतीय का ती?" त्यानं विचारलं.

"मोळी असेल नाही तर ज्वारीचा भारा," सोनबा म्हणाला. "हाक कुठं घालतोय तो? सावलीला थांबला असेल कुणीतरी."

होडीवाल्याच्या मनात आलं, केरबाच असेल. आपणच आधी हाक घालावी, आई बोलावतीय म्हणून सांगावं. त्यानं तळहात तोंडाशी धरले. आणि बघा, माणसाच्या जिभेला एकदा वाट पडली की ती गाईसारखी त्याच वाटेनं जाते. त्याच्या तोंडून नाव गेलं नाही. गेलं ते हे,

"केरबा आला, केरसुणी आणाऽ…"

आणि पायऱ्यांवरच्या सगळ्यांनी सवयीनं पुढची ओळ उचलली,

"झाडून-लोटून बाहेर हाणाऽ."

मग सगळे हसले. होडीवाला पुढं "आई बोलावतीय" म्हणाला, म्हणाला तो खरंच, पण ते त्या हसण्यात बुडून गेलं. पाण्यापलीकडं हसणंच तेवढं पोचलं.

चिंचेखालचा माणूस थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्यानं पाठ फिरवली आणि काठाकाठानं वरच्या अंगाला चालायला लागला.

"बघ, नव्हताच तो," सोनबा म्हणाला. "केरबा असता तर थांबला असता की."

होडीवाला खाली बसला. जाऊन बघावं असं त्याला वाटलं होतं. पण पाण्याला ओढ होती, पलीकडं जाऊन रिकामं यायचं म्हणजे दंडाचा पिट्टा पडतो. आणि तेवढ्यात केरबाची हाक आली तर? असं म्हणून त्यानं स्वतःची समजूत घातली.

ऊन गेलं. पुन्हा चिंचेखाली कुणी आलं नाही. तेव्हा होडीवाला म्हातारीच्या घरी सांगायला गेला.

म्हातारी भिंतीकडच्या वाकळेवर पडली होती. पावलं वाजली तशी तिनं डोळे उघडले. "आला?"

"नाही मावशी, अजून नाही. मी आहे, होडीवाला."

"तू होय." ती थोडा वेळ नुसती श्वास घेत राहिली. मग म्हणाली, "बस बाबा. तुझं गाणं इथवर ऐकू येतं हो. चांगला आवाज आहे तुझा."

होडीवाला वाकळेजवळ टेकला.

"त्याचं नाव असं का ठेवलं, ठाऊक आहे तुला?"

"नाही, मावशी."

"त्याच्या आधीची चार गेली माझी. पाचवी पुजायच्या आत गेली. एकेकाची नावं किती चांगली योजली होती आम्ही. राजांची, देवांची. ती ठेवायलाच मिळाली नाहीत." ती पुन्हा थांबली. शेजारणीनं तिच्या ओठांना ओलं फडकं लावलं. "हा झाला तेव्हा सुईण म्हणाली, याला चांगलं नाव नको, दृष्ट लागते. मग मी स्वतः विणलेल्या सुपात घरातला केर भरला, त्या केरावर याला निजवला, आणि सुपासकट उंबऱ्याबाहेर लोटून दिला. टाकून दिल्यासारखा. म्हटलं, हा केर आहे, याला कोण नेणार? मृत्यू आला असेल दारापर्यंत. बघितलं असेल त्यानं. केर आहे म्हणून गेला असेल पुढं."

ती थोडी हसली. "वाचला की रे माझा. माझ्या त्या नावानं वाचला."

होडीवाल्यानं मान खाली घातली.

"तू एक कर," म्हातारी म्हणाली. "घाटावर जा आणि त्याला हाक घाल. नुसत्या नावानं घाल. लहानपणी मी नावानं हाक घातली की जिथं असेल तिथून पळत यायचा. आता माझा आवाज पोचत नाही."

होडीवाला पळत सुटला. घाटावर आता कुणी नव्हतं, माणसं जेवायला गेली होती. तो पाण्यात गुडघ्यापर्यंत शिरला, तळहात तोंडाशी धरले आणि हाक घातली, "केरबाऽ."

ओळ नाही, ताल नाही. नुसतं नाव.

"केरबाऽ, अरे केरबाऽ. आई बोलावतीय रेऽ."

पलीकडची थडी रिकामी होती. चिंच होती, पाणी होतं. त्यानं दोर सोडला आणि होडी घेऊन पलीकडं गेला. चिंचेखाली ओल्या मातीत पावलं उमटली होती. ती पाण्यापर्यंत आलेली होती, थोडा वेळ एका जागी थांबलेली होती आणि मग वरच्या अंगाला गेलेली होती. शेजारी बांबूची दोन-चार हिरवी पानं पडली होती.

तो परत आला तेव्हा गावात दिवे लागले होते, आणि केरबाच्या दारात बायका जमलेल्या होत्या. म्हातारी गेली होती. शेजारीण म्हणाली, "तुझी हाक ऐकू येत होती आम्हाला. ती म्हणाली, आता येईल बघ. मग डोळे मिटले."

बरीच रात्र झाल्यावर उताराच्या वाटेनं केरबा आला. छातीपर्यंत भिजलेला, डोक्यावर मोळी. दारातली गर्दी बघून तो उभा राहिला. मोळी त्यानं हळूच खाली ठेवली, आवाज होऊ नये अशी, जणू कुणी झोपलं आहे.

सगळं आटोपल्यावर, तिसऱ्या दिवशी होडीवाला त्याच्याकडं गेला. केरबा अंगणात बसला होता, हातात काही विणायला नव्हतं.

"केरबा, मी तुला बघितलं होतं त्या दिवशी," होडीवाला म्हणाला. "चिंचेखाली."

"मीही तुम्हाला ऐकलं होतं, दादा."

"मी आईचा निरोप सांगत होतो रे."

केरबानं अंगणातली बांबूची एक काडी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "मला वाटलं, नेहमीचंच आहे."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर होडीवाल्याला बरं वाटलं असतं. तो तसाच उठून घरी आला.

त्या दिवसापासून त्यानं नावांना ओळी जोडणं सोडलं. घरोघर जाऊन हात जोडले, केरबाचं गाणं म्हणू नका म्हणून. मोठ्या माणसांनी ऐकलं. सोनबा तर रडला. पण शब्द काय, कापसासारखे. उशीतून काढणं सोपं, परत भरणं अवघड. मुली फुगडीत तेच म्हणत राहिल्या. दोन वर्षांनी लांबच्या गावचा एक बांगड्या विकणारा होडीत बसला आणि वल्ह्याच्या तालावर गुणगुणायला लागला, "केरबा आला, केरसुणी आणा…"

"कुठं शिकलात हे?" होडीवाल्यानं विचारलं.

"आमच्याकडं सगळे म्हणतात. मजेचं आहे की नाही? कुणी केलं कुणास ठाऊक."

"मी केलं," होडीवाला म्हणाला, आणि पुढं काठ येईपर्यंत बोलला नाही. बांगडीवाल्याला वाटलं, माणूस मोठेपणा न मिरवणारा आहे.

केरबा उतारानंच येत-जात राहिला.

मग होडीवाल्यानं एक नवी रीत घातली. दिवस कलला की हाक येवो न येवो, तो होडी घेऊन पलीकडं जायचा. चिंचेखाली घटकाभर थांबायचा. कुणी सावलीला बसलेलं असलं तर जवळ जाऊन हळू विचारायचा, "यायचंय का?" लोक म्हणायचे, वेडा आहे, रिकामं वल्हं मारतो. तो म्हणायचा, "एखाद्याला हाक घालता येत नसली तर?"

असा एक पावसाळा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी तो पलीकडं पोचला, तर चिंचेखाली मोळी टेकवून केरबा उभा होता. पायाला फडकं बांधलेलं होतं, बांबूची सल घुसली असावी. चार कोस चालण्यासारखा तो पाय नव्हता.

होडीवाल्यानं होडी काठाला लावली. त्याच्या मनात कितीतरी बोलायचं होतं. त्यानं फक्त नाव घेतलं.

"केरबा. ये, बस."

केरबानं मोळी होडीत ठेवली आणि बसला. पाण्यावरून दोघं आले. नुसतं वल्हं वाजत होतं. अलीकडं उतरताना केरबानं त्याच्या खांद्याचा आधार घेतला, आणि थोडं थांबून म्हणाला, "येतो, दादा."

त्यानंतर तो कधीमधी होडीतून यायचा. पण आपल्या नावानं हाक त्यानं पुन्हा कधी घातली नाही. होडी येईपर्यंत चिंचेखाली गप्प उभा राहायचा.

होडीवाला पुढं म्हातारा झाला. वल्हं मारणं थांबलं, तरी संध्याकाळी तो घाटावर येऊन बसायचा. पलीकडून नाव घेऊन हाक आली की मान वर करायचा, नाव नीट ऐकायचा, आणि पुन्हा मान खाली घालायचा. ज्या एका नावाची तो वाट बघत होता, ते नाव पाण्यावरून कधी आलं नाही.

तात्पर्य: कुणाच्या नावाशी खेळायचा मोह झाला, तर आधी त्या माणसाच्या तोंडाकडं बघावं, तो वर बघून हसतोय की खाली बघून. नाव कुणीतरी जिवापाड जपून ठेवलेलं असतं. ते एकदा आपल्या हातून मोडलं की आपण कितीही नीट हाक घातली, तरी पलीकडून ओ येईलच असं नाही.